खिशातली जाहिरात

(मोबाइलवर अनेक सेवा आपल्याला पैसे न देता मिळतात. त्या कशा मिळतात, जाहिरातीच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्या कशा उतरल्या आणि ग्राहकांना याबद्दल काय वाटते, हे या पाठात सांगितले आहे.)

समजा, ईद आठ दिवसांवर आली आहे. संध्याकाळी तुम्ही अम्मीचा मोबाइल घेऊन बसला आहात. धाकट्या बहिणीसाठी तुम्ही लाल रंगाच्या चपला पाहता. किंमत जास्त वाटते, म्हणून ते पान बंद करता. रात्री अब्बा त्याच मोबाइलवर बातम्या वाचायला घेतात, तर बातमीच्या मधोमध त्याच लाल चपला! सकाळी तुम्ही लुडो खेळायला लागता, तर तिथेही त्याच चपला. अम्मी विचारते, "या मोबाइलला कसं कळलं, आपल्याला चपला हव्यात ते?"

अम्मीचा प्रश्न अगदी रास्त आहे. आज आपण त्याचे उत्तर शोधणार आहोत.

'जाहिरात' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या ओळखीचा 'ज़ाहिर' हा शब्द त्यात आहे. जी गोष्ट चार लोकांसमोर जाहीर करायची, ती जाहिरात. उर्दूत तुम्ही तिला 'इश्तिहार' म्हणता. जाहिरात ही काही नवी गोष्ट नाही. भारतातले पहिले छापील वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी यांनी १७८० साली कलकत्त्यात काढले. त्याच्या लांबलचक नावातच 'जाहिरात करणारे पत्र' अशा अर्थाचे शब्द होते. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून दिसू लागल्या.

या सगळ्यामागे एक साधा व्यवहार होता. वर्तमानपत्र छापायला जेवढा खर्च येतो, तेवढी किंमत वाचक देत नाही. उरलेला खर्च जाहिरातींमधून निघतो. म्हणून आपल्याला वर्तमानपत्र स्वस्तात मिळते. रेडिओवर गाणे ऐकायला आपण पैसे देत नाही. मध्येच साबणाची किंवा दंतमंजनाची जाहिरात ऐकून घेतो. हा सौदा लोकांना मान्य होता. जाहिरात नको असेल तर पान उलटावे, रेडिओचा आवाज कमी करावा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला, ती कोण वाचत आहे हे कधीच कळत नसे. ती सर्वांसाठी एकच असे. आपण तिला पाहत होतो. ती आपल्याला पाहत नव्हती.

मोबाइलने नेमका हाच फरक केला.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी मोबाइल ही श्रीमंतांची चीज होती आणि तिचा उपयोग फक्त बोलण्यासाठी होता. पुढे फोन स्वस्त झाले, संदेश पाठवता येऊ लागले. दुकानदारांना आणि कंपन्यांना थेट माणसाच्या खिशापर्यंत पोहोचण्याची वाट सापडली. कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या, असे संदेश आणि फोन दिवसभर येऊ लागले. दुपारी डोळा लागावा, तर फोन वाजे. नमाजच्या वेळी, वर्गात, दवाखान्यात, कुठेही तो वाजे. लोक कंटाळून गेले.

तरीही मोबाइलवरची प्रत्येक जाहिरात लोकांना नकोशी झाली, असे मात्र नाही. याचे एक छान उदाहरण बिहारमधले आहे. तिथल्या अनेक खेड्यांत त्या वेळी वीज पुरेशी नव्हती. दूरदर्शन संच थोड्याच घरांत होते. पण साधा मोबाइल बऱ्याच जणांकडे होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीने २०१३ साली तिथे 'कान खजुरा टेसन' नावाची सेवा सुरू केली. एका क्रमांकावर फोन लावायचा आणि लगेच ठेवून द्यायचा. म्हणजे फक्त 'मिस्ड कॉल' द्यायचा. मग कंपनीकडून उलट फोन येई. त्यावर गाणी, विनोद आणि गप्पा ऐकायला मिळत. अधूनमधून कंपनीच्या साबणाच्या, क्रीमच्या जाहिराती असत. ऐकणाऱ्याला एक पैसाही खर्च येत नसे. लोकांनी ही सेवा आनंदाने ऐकली.

आता विचार करा. दुपारी आलेल्या कर्जाच्या फोनचा लोकांना राग आला; मग कान खजुऱ्याच्या फोनचा का आला नाही? जाहिरात तर दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की पहिला फोन न विचारता आला होता. दुसरा फोन ऐकणाऱ्याने स्वतः मागवला होता. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

२००७ साली अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयफोन विकायला आला. त्यानंतरच्या वर्षी गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन आला. आता मोबाइलवर नकाशे, खेळ, बातम्या, चित्रे, सगळेच आले. हे सगळे ज्या छोट्या कार्यक्रमांमधून चालते, त्यांना आपण 'ॲप' म्हणतो. ॲप तयार करणाऱ्याला मेहनत पडते, खर्च येतो. पण पुष्कळ लोक ॲपसाठी पैसे मोजायला तयार नसतात. मग त्याने करावे काय? त्याने वर्तमानपत्राचाच जुना मार्ग धरला. त्याने ॲप मोफत दिले आणि त्यातली थोडी जागा जाहिरातींना दिली.

परंतु एकट्या ॲपवाल्याला जाहिराती मिळवून कोण देणार? इथे मध्यस्थाची गरज पडली. घर विकणारा आणि घर घेणारा यांच्यामध्ये जसा दलाल असतो, तसा हा मध्यस्थ. २००६ साली ओमर हमुई यांनी अमेरिकेत स्थापन केलेली ॲडमॉब ही अशीच एक कंपनी होती. जाहिरातदारांकडून जाहिराती घ्यायच्या, त्या हजारो ॲपमध्ये दाखवायच्या आणि आपला हिस्सा ठेवून उरलेले पैसे ॲपवाल्यांना द्यायचे, असे तिचे काम होते. नोव्हेंबर २००९ मध्ये गुगलने ही कंपनी ७५ कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. तेव्हा गुगल संगणकावरच्या जाहिरातींमध्ये आधीच बलाढ्य होती. आता मोबाइलचा बाजारही एकाच कंपनीच्या मुठीत जाईल की काय, अशी शंका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला आली. व्यापारात स्पर्धा टिकावी आणि ग्राहकाची फसवणूक होऊ नये, हे पाहणे हे या सरकारी संस्थेचे काम आहे. तिने काही महिने चौकशी केली.

याच सुमारास आणखी एक घटना घडली. जानेवारी २०१० मध्ये ॲपलने क्वाट्रो वायरलेस ही दुसरी मध्यस्थ कंपनी घेतली. एप्रिलमध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी 'आयॲड' या आपल्या नव्या जाहिरातसेवेची घोषणा केली. मिळालेल्या पैशांतले साठ टक्के ॲपवाल्याला आणि चाळीस टक्के ॲपलला, अशी वाटणी ठरली. बाजारात गुगलला तोलामोलाचा स्पर्धक आला, असे पाहून कमिशनने मे २०१० मध्ये गुगलचा सौदा मोकळा केला. पुढे आयॲड मात्र फारशी चालली नाही. ३० जून २०१६ रोजी ॲपलने ती बंद केली.

तिसरी मोठी कंपनी फेसबुक. हिलाच २०२१ पासून मेटा असे नाव मिळाले. २०१२ साली या कंपनीने आपले शेअर विक्रीला काढले. त्या वेळच्या कागदपत्रांत तिने स्वतःच कबूल केले होते, की मोबाइलवरून आपल्याला म्हणावे तसे उत्पन्न मिळत नाही. लोक तर संगणक सोडून मोबाइलकडे वळत होते. कंपनीने त्याच वर्षी मोबाइलवर जाहिराती दाखवायला सुरुवात केली. २०१३ च्या अखेरच्या तीन महिन्यांत तिच्या जाहिरातींच्या उत्पन्नापैकी निम्म्याहून जास्त भाग मोबाइलवरून आला. दोन वर्षांत एवढा बदल झाला!

भारतही मागे नव्हता. २००७ साली मुंबईत 'एमखोज' नावाची एक छोटी कंपनी सुरू झाली. संदेश पाठवून माहिती शोधता यावी, अशी तिची मूळ कल्पना होती. पुढे तिने मोबाइल जाहिरातींचे काम हाती घेतले, 'इनमोबी' असे नाव धारण केले आणि बंगळूरमधून जगभर व्यवसाय वाढवला. २०११ साली जपानच्या सॉफ्टबँकेने तिच्यात २० कोटी डॉलर गुंतवले.

या धंद्याचा आवाका किती मोठा आहे? २०२३ साली गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या एकूण उत्पन्नाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग जाहिरातींचा होता. मेटाला त्या वर्षी मिळालेल्या प्रत्येक शंभर डॉलरपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव डॉलर जाहिरातींचे होते. आपण या कंपन्यांना शोध घेणाऱ्या किंवा गप्पा मारायला जागा देणाऱ्या कंपन्या म्हणून ओळखतो. पण त्यांचा पैसा येतो तो मुख्यतः जाहिरातींमधून.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे वळू. त्या चपला मागोमाग कशा आल्या?

बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. शेतकऱ्याची गाडी येते, व्यापारी माल पाहतात, बोली लावतात. जो जास्त भाव देईल, त्याला माल मिळतो. मोबाइलवरही असाच लिलाव होतो. इथे माल कांदा नसतो. तुमच्या पडद्यावरची रिकामी जागा आणि ती पाहणारे तुमचे डोळे, हाच इथला माल. तुम्ही लुडोचे ॲप उघडता. त्याच क्षणी ॲपकडून एक सूचना निघते, 'इथे एक माणूस आला आहे, जाहिरातीला जागा आहे.' अनेक जाहिरातदारांचे संगणक बोली लावतात. सर्वांत मोठी बोली जिंकते आणि तिची जाहिरात तुमच्यासमोर येते. हे सारे तुमची पापणी लवण्याआधी आटोपते.

व्यापारी कांदा हातात घेऊन पाहतो, तसे जाहिरातदाराचा संगणक तुमच्याबद्दलची माहिती पाहतो. प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातीसाठी एक वेगळा लांबलचक क्रमांक दिलेला असतो. त्यावर तुमचे नाव नसते. पण या फोनवर काय काय पाहिले गेले, हे त्या क्रमांकाच्या आधारे जोडता येते. चपलांच्या दुकानाने नोंद करून ठेवलेली असते, 'या क्रमांकाने लाल चपला पाहिल्या, पण घेतल्या नाहीत.' पुढे बातम्यांच्या किंवा खेळाच्या ॲपमध्ये तोच क्रमांक दिसला, की दुकान जास्त बोली लावते. कारण ज्याने चपला एकदा पाहिल्या, तो त्या विकत घेण्याचा संभव अधिक असतो.

काही लोकांना वाटते, की मोबाइल आपले बोलणे चोरून ऐकतो. कंपन्या हे नाकारतात. पण खरे सांगायचे तर, ऐकण्याची गरजच फारशी पडत नाही. तुम्ही काय शोधले, कोणती चित्रफीत किती वेळ पाहिली, कोणत्या गावात आहात, किती वाजता जागे असता, एवढ्या माहितीवरून तुमची आवड बरीचशी ओळखता येते. शेजारचा दुकानदार नाही का, तुम्ही दुकानात शिरताच म्हणतो, "आज साखर संपली वाटतं!" तो तुम्हांला अनेक वर्षे पाहत आला आहे. फरक असा, की दुकानदार काय जाणतो हे तुम्हांला ठाऊक असते. मोबाइल काय जाणतो, ते तुम्हांला ठाऊक नसते.

'मोफत' हा शब्द मराठीने आणि उर्दूने एकाच घरातून घेतला आहे. तुम्ही 'मुफ़्त' म्हणता, आम्ही 'मोफत' म्हणतो. पण मोबाइलवरची मोफत गोष्ट खरोखर मुफ़्त नसते. तिची किंमत तुम्ही तीन प्रकारे चुकवता. पहिली किंमत तुमचा वेळ आणि लक्ष. दुसरी किंमत तुमची माहिती. तिसरी किंमत लहान असली तरी रोखीची आहे. जाहिरात पडद्यावर यायलाही इंटरनेट लागते, आणि ते इंटरनेट तुमच्याच पॅकमधून खर्च होते.

मग ग्राहकांना याबद्दल काय वाटते? सर्वांचे मत सारखे नाही. काही जण म्हणतात, 'जाहिराती असल्या तर असू द्या. त्यांच्यामुळे माझ्यासारख्या गरिबालाही नकाशा, शब्दकोश आणि अभ्यासाच्या चित्रफिती पैसे न देता मिळतात.' या म्हणण्यात तथ्य आहे. उद्या सगळी ॲप पैसे मागू लागली, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत तो मागे पडेल. गल्लीतल्या छोट्या शिंप्यालाही आपल्या दुकानाची जाहिरात थोड्या पैशांत जवळच्या लोकांपर्यंत नेता येते. काही जण म्हणतात, 'जाहिरात चालेल, पण तिने माझ्या मागे मागे फिरू नये.' आणि काही जण पैसे देतात, पण जाहिरात नको म्हणतात.

ग्राहकांचे मन ओळखण्याची एक मोठी परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये झाली. ॲपलने आपल्या फोनमध्ये एक नवा नियम आणला. कोणत्याही ॲपला ग्राहकाचा माग दुसऱ्या ॲपमध्ये काढायचा असेल, तर त्याने आधी ग्राहकाला स्पष्ट विचारले पाहिजे. पडद्यावर प्रश्न येऊ लागला आणि खाली दोन बटणे. एक होकाराचे, एक नकाराचे. माग काढणे तर कितीतरी वर्षे चालू होते; पण असे रोखठोक कोणी विचारले नव्हते. विचारल्याबरोबर असंख्य लोकांनी नकाराचे बटण दाबले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितले, की या बदलामुळे त्या एका वर्षात आपले सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल. एका साध्या प्रश्नाची किंमत दहा अब्ज डॉलर!

व्हॉट्सॲपची कथाही अशीच बोलकी आहे. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ साली ही सेवा सुरू केली. आपण जाहिराती का विकत नाही, हे त्यांनी २०१२ साली जाहीरपणे लिहिले होते. अनेक ठिकाणी ते वर्षाला सुमारे एक डॉलर वर्गणी घेत. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याचे ठरवले. २०१६ मध्ये वर्गणी बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने माहितीविषयीचे आपले नवे धोरण लोकांपुढे ठेवले आणि ते मान्य करण्यासाठी तारीख दिली. लोक अस्वस्थ झाले. भारतातही पुष्कळ जणांनी सिग्नल आणि टेलिग्राम ही दुसरी ॲप घेतली. कंपनीला ती तारीख ८ फेब्रुवारीवरून १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. 'खासगी संदेश आम्ही वाचू शकत नाही,' असा खुलासाही तिने केला. या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला सुमारे २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने 'अपडेट्स' या भागात जाहिराती दाखवण्याची घोषणा केली. खासगी संदेशांमध्ये मात्र जाहिराती येणार नाहीत, असे सांगितले.

परवानगी मोडली तर काय होते, हेही पाहा. ज्या इनमोबीचा उल्लेख वर आला, तिच्यावर फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला होता, की लोकांनी आपले ठिकाण सांगायला नकार दिला असतानाही कंपनीने आजूबाजूच्या वायफायवरून ते शोधून काढले. त्यात लहान मुलांची ॲपही होती. जून २०१६ मध्ये कंपनीने साडेनऊ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. 'नाही' म्हटल्यावर 'नाही' हाच अर्थ घ्यायचा, हा त्या दंडाचा धडा होता.

आपल्या देशातही ग्राहकाच्या बाजूने कायदे झाले आहेत. नको असलेले फोन आणि संदेश थांबवण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली नोंदणीची सोय केली. पुढे २०१० मध्ये आणि २०१८ मध्ये नियम अधिक कडक झाले. १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा संदेश पाठवून जाहिराती बंद करता येतात आणि तक्रारही करता येते. २०२५ पासून संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. 'पी' असेल तर ती जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेचा संदेश, 'टी' म्हणजे व्यवहाराचा आणि 'जी' म्हणजे सरकारी संदेश.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ग्राहकाला भुलवणाऱ्या तेरा युक्त्यांवर बंदी घातली. बातमीचे सोंग घेऊन आलेली जाहिरात ही त्यांतलीच एक युक्ती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा झाला होता. या कायद्यातले एक कलम खास तुमच्यासाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे, याला त्यात मनाई केली आहे. मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेणेही आवश्यक ठरवले आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

पण इथे एक अडचण आहे. अनेक घरांत मोबाइल एकच असतो. तो अम्मीच्या किंवा अब्बांच्या नावावर असतो. पलीकडच्या संगणकाला वाटते, की एक मोठा माणूस मोबाइल पाहत आहे. प्रत्यक्षात पाहणारे तुम्ही असता! आणखी एक गोष्ट. दादीजान किंवा नाना नवे ॲप घेतात, तेव्हा पडद्यावर मजकूर येतो. त्यांना तो वाचता येत नाही, किंवा चष्मा जवळ नसतो. ते तुम्हांला हाक मारतात, "बेटा, हे काय आलंय बघ." आणि तुम्ही न वाचताच होकाराचे बटण दाबता. तुम्हांला खेळाची घाई असते. पण त्या एका बटणाने दादीजानचा ठावठिकाणा, त्यांच्या ओळखीच्या माणसांचे क्रमांक, त्यांची छायाचित्रे कोणाच्या तरी हाती जाऊ शकतात. दादीजानने तर परवानगी दिलेलीच नसते. ती तुम्ही दिलेली असते.

म्हणून पुढच्या वेळी थोडे थांबा. ॲप काय मागत आहे, ते वाचा. टॉर्चच्या ॲपला तुमचे फोन क्रमांक कशाला हवेत? लुडोला तुमचे गाव कशाला कळायला हवे? कारण पटले नाही, तर नकाराचे बटण दाबा. नकार दिल्यावरही बहुतेक ॲप चालतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचा भाग असतो. तिथे आपला जाहिरात-क्रमांक काढून टाकता येतो. पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी फुली नीट पाहून दाबा. आणि 'तुम्ही बक्षीस जिंकलात' अशा जाहिरातीला तर हातच लावू नका. जी स्पर्धा आपण खेळलोच नाही, तिचे बक्षीस आपल्याला कोण देईल?

जाहिरात ही काही शत्रू नाही. फेरीवाला गल्लीत येऊन ओरडतो, तेव्हा आपण रागावत नाही. हवे असेल तर दार उघडतो. पण तोच फेरीवाला न विचारता घरात शिरला आणि कपाट उघडून पाहू लागला, तर आपण गप्प बसू का? मोबाइल हेही एक घरच आहे. त्याच्या दाराशी कोणी आले, तर त्याने आधी आवाज द्यावा, इजाजत मागावी, आणि मगच आत यावे. मराठीत आपण तिला परवानगी म्हणतो. हा शब्दही फारसीतून आलेला आहे. शब्द कोणताही घ्या, ती देणे किंवा न देणे हे आपल्या हातात असले पाहिजे.

ईदच्या आदल्या दिवशी अम्मी पुन्हा मोबाइल तुमच्याकडे देते. "चपला नाही घेतल्या अजून. ते आता काय विचारतायत बघ जरा." पडद्यावर लिहिलेले असते, 'तुमचे ठिकाण पाहण्याची परवानगी द्यावी का?' या वेळी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. आणि उत्तर अम्मीला देऊ द्या.

स्वाध्याय

१. कान खजुरा टेसनच्या जाहिराती लोकांनी आनंदाने का ऐकल्या?
२. बाजार समितीतला लिलाव आणि मोबाइलवरचा लिलाव यांत कोणते साम्य आहे?
३. मोफत सेवेची किंमत आपण कोणत्या तीन प्रकारे चुकवतो?
४. 'एका साध्या प्रश्नाची किंमत दहा अब्ज डॉलर!' असे लेखकाने का म्हटले आहे?
५. 'जाहिराती नसत्या तर...' या विषयावर आठ-दहा ओळी लिहा.
६. उपक्रम : घरातल्या मोबाइलवरील कोणतीही पाच ॲप घ्या. प्रत्येक ॲपने कोणकोणत्या परवानग्या घेतल्या आहेत, ते मोठ्या माणसांच्या मदतीने पाहा. त्यांतल्या कोणत्या आवश्यक वाटतात आणि कोणत्या नाहीत, याची यादी करून वर्गात चर्चा करा.
७. पाठात आलेले, उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्याही पाच शब्दांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.